फाशी झाली म्हणून वाचले

हिंडलग्याचा तुरुंग आमच्या कंग्राळी गावापासून लांब नाही. बेळगावहून वेंगुर्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागलं की इंग्रजी अमदानीतल्या त्या भिंती दिसतात. कर्नाटकात फाशीची सोय असलेला तुरुंग म्हणून तो ओळखला जातो. तिथं शेवटची फाशी १९८३ साली झाली. आमच्याकडच्या पोराटोरांनाही हे माहीत असतं. भांडणात कुणी फार पुढं गेला की ‘हिंडलग्याची हवा खायचीय काय?’ असं विचारून त्याला मागं ओढतात.

पण आत गेला तो गुन्हेगारच, असं मानणारा हा मुलूख नव्हे. सीमालढ्यात इथल्या किती घरांनी तुरुंग पाहिला. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली. त्यांचं स्मारक हिंडलग्यातच आहे आणि दर १ जूनला तिथं लोक जमतात. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी निघते, गुन्हे नोंदवले जातात आणि मग तारखांवर तारखा पडत राहतात. फिर्यादीत लिहिलेलं सगळं खरं नसतं, हे कंग्राळीतल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र हा संशय आपल्या माणसांपुरताच. कैदी परक्या जिल्ह्यातला असला, खुनाच्या गुन्ह्यातला असला, की आमचाही सूर बदलतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज फेटाळले. ते चौघं हिंडलग्यातच होते. दूरचित्रवाहिन्यांच्या गाड्या आल्या, फाशी कधी होणार याच्या गप्पा चहाच्या टपरीवर रंगल्या. म्हैसूरच्या टाडा न्यायालयानं त्या चौघांना जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये आपण होऊन ती वाढवून फाशी केली. हे टपरीवर कुणाच्या बोलण्यात आलेलं मला आठवत नाही. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंच दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबाचं कारण देऊन ती फाशी रद्द केली, तोवर गप्पांचा विषय बदलला होता. त्या गप्पांतलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही: ‘एवढी मोठी शिक्षा कोर्ट उगाच देतंय काय?’

देतं. आणि तीन-तीन पायऱ्यांवर देतं. त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा महाराष्ट्रातल्या एका खटल्यात आहे.

५ जून २००३ची रात्र. नाशिक परिसरात शेतावर राहणाऱ्या एका मजूर कुटुंबाच्या झोपडीत दरोडेखोर शिरले. पैसे, दागिने घेतले, बायकांवर अत्याचार केले आणि पाच जणांना ठार मारलं. मेले समजून टाकून दिलेले दोघं वाचले: घरातली बाई आणि तिचा मुलगा. गुन्हा इतका भयंकर होता की पोलिसांवर दडपण येणारच. त्याच महिन्यात संशयितांची धरपकड सुरू झाली आणि सहा जणांवर खटला उभा राहिला. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, आडनाव शिंदे. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं नोंदला गेला आहे.

खटल्याचा कणा म्हणजे वाचलेल्या त्या दोघांनी केलेली ओळख. ओळख परेड झाली ती जुलैच्या अखेरीस, घटनेला दीड महिना उलटून गेल्यावर. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २००९ रोजी न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांच्या पीठानं उरलेल्या तिघांचीही शिक्षा वाढवली. सहा जण, सहा फाशा.

आता एका कागदाविषयी.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ला, जखमी बाईला पोलिसांच्या नोंदीतल्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवण्यात आला. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिनं त्यातले चार चेहरे ओळखले. ते चौघं पोलिसांना ठाऊक होते, त्यांची नावं नोंदीत होती. आणि सहा आरोपींपैकी एकही त्या चौघांत नव्हता. ज्या बाईच्या साक्षीवर पुढं सहा माणसांना फासावर पाठवायचं ठरलं, तिनं स्मृती सर्वांत ताजी असताना, तीन दिवसांच्या आत, दुसऱ्याच चौघांकडं बोट दाखवलं होतं. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्यावर आरोपपत्र झालं नाही, आणि का झालं नाही याचा खुलासा तपास अधिकाऱ्याला कधीच देता आला नाही.

हा कागद कुणी पत्रकारानं शोधून काढला नाही. कुणी अधिकारी निवृत्तीनंतर पश्चात्तापानं बोलला, डीएनएची नवी चाचणी निघाली, खरा गुन्हेगार कबूल झाला, असलं काही घडलं नाही. सिनेमात असतं तसं इथं काही नाही. ती गोष्ट खटल्याच्या नोंदीतच होती. सत्र न्यायालयानं निकाल लिहिला तेव्हा होती, उच्च न्यायालयानं फाशी कायम केली तेव्हा होती, सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा वाढवली तेव्हाही होती. सगळ्यांच्या हाताखालून ती गेली. गुन्ह्याच्या क्रौर्यावर मात्र पानंच्या पानं लिहिली गेली. निकालपत्रं वाचणाऱ्याला हा अनुभव नेहमी येतो. गुन्हा जितका निर्घृण, तितकं ‘काय घडलं’ याचं वर्णन लांब आणि ‘कुणी केलं’ याची तपासणी आखूड.

पुढचा भाग आणखी विचित्र आहे. २००९च्या त्या निकालाला दोन आठवडे होताहेत तोवर, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठानं संतोष बरियार खटल्यात सांगितलं की रावजी नावाच्या एका जुन्या निकालावर विसंबून दिलेल्या फाशा कायद्याला धरून नाहीत, कारण त्यात आरोपीचा विचारच झालेला नाही, फक्त गुन्ह्याचा झाला. शिंदे खटल्यातली शिक्षाही त्याच निकालावर विसंबलेली होती. म्हणजे न्यायालयानंच मान्य केलं होतं की शिक्षा ठरवण्याची रीत चुकली. तरी सहा जण फाशीच्या बराकीतच राहिले. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की असे १३ कैदी चुकीच्या कायद्यावर फाशीची वाट पाहत आहेत, त्यांची शिक्षा कमी करा. त्या १३ जणांत हे सहाही होते. त्याच चुकीच्या रीतीनं शिक्षा झालेल्या राजस्थानातल्या दोघांना १९९६ आणि १९९७ मध्ये फाशी देऊनही झाली होती, हेही त्या पत्रामुळं चर्चेत आलं.

त्या १४ जणांविषयी मला आदरच आहे. निवृत्तीनंतर आपल्याच संस्थेकडं बोट दाखवायला धाडस लागतं. पण त्यांचं मागणंही जन्मठेपेचं होतं. माणसं निर्दोष असतील ही शक्यता त्या पत्राच्या कक्षेतच नव्हती. आणि समजा, राष्ट्रपतींनी ती विनंती लगेच मान्य केली असती, तर? सहा जणांची जन्मठेप झाली असती, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला असता, आणि फाईल बंद.

कारण त्यांना जे दार उघडलं ते फक्त फाशीच्या कैद्यांसाठी होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरते ती पुनर्विलोकन याचिका. ती न्यायमूर्तींच्या दालनात, कागद फिरवून निकाली निघते. वकील उभा राहत नाही, बाजू मांडली जात नाही, आणि बहुतेक वेळा एका ओळीत ती फेटाळली जाते. २ सप्टेंबर २०१४ रोजी घटनापीठानं मोहम्मद आरिफ खटल्यात यात बदल केला. फाशीची शिक्षा असेल तर पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर व्हावं, तोंडी युक्तिवादाला अर्ध्या तासापर्यंत वेळ मिळावा. जीव जाणार असेल तर अर्धा तास ऐकून घ्या, इतकीच ती सवलत. जन्मठेपेला ती लागू नाही.

शिंदे खटल्याचा अर्ज या वाटेनं पुन्हा ऐकला गेला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आपलाच २००९चा निकाल मागं घेतला आणि अपिलं नव्यानं ऐकायचं ठरवलं. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. अल्बमची गोष्ट त्या निकालाच्या मध्यभागी आहे. भटक्या जमातीतल्या, समाजाच्या तळातल्या, अत्यंत गरीब मजुरांना गंभीर गुन्ह्यात खोटं गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानं नोंदवलं. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता, म्हणजे त्याला फाशी कधीच देता आली नसती, हेही नोंदवलं. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली तेरा मृत्यूच्या छायेत आणि माणसांचा सहवास जवळजवळ नसलेल्या कोठडीत. एकाचं मानसिक आरोग्य ढासळलं होतं.

ज्या शिक्षेनं त्यांना मरणाच्या दारात नेलं, तिनंच त्यांचा कागद पुन्हा वाचायला लावला. उच्च न्यायालयानं तिघांवर दया करून जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती तशीच ठेवली असती तर त्या तिघांच्या वाट्याला तो अर्धा तास आला नसता. दया झाली असती आणि ते आतच राहिले असते.

हे एकट्या शिंदे खटल्यापुरतं असतं तर दुर्दैव म्हणून सोडून दिलं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा मी अनेक वकील मित्रांना ऐकवला आहे आणि प्रत्येकानं तो पुन्हा विचारला आहे. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी फाशी दिलेल्या ज्या १,४८६ कैद्यांच्या प्रकरणांचा वरच्या न्यायालयांत निकाल लागला होता, त्यांतल्या ७३ जणांची फाशी कायम राहिली. ९७० जणांची कमी झाली. आणि ४४३ जण निर्दोष सुटले. म्हणजे दहातले जवळजवळ तीन. याच अभ्यासानुसार फाशीच्या कैद्यांतले चारात तीन आर्थिकदृष्ट्या दुबळे होते.

फाशीचा निकाल आपोआप उच्च न्यायालयात जातो, तिथं पुरावा नव्यानं तपासावाच लागतो, त्यावर देशभरच्या अभ्यासकांची नजर असते. इतकं बारीक पाहिल्यावर तीस टक्के खोटे निघतात. मग त्याच सत्र न्यायालयांनी, तसल्याच पंचनाम्यांवर आणि ओळख परेडींवर दिलेल्या जन्मठेपांचं काय? त्यांचं अपील होतं, नाही असं नाही. पण ते रांगेत उभं राहतं, आणि त्यातले निर्दोष कुणी असे मोजलेले नाहीत. ‘फाशी टळली’ हे ऐकून घरचे देवाला नारळ फोडतात, आणि मग वकिलाला द्यायला पैसे उरलेले नसतात.

हिंडलग्याच्या फाटकाबाहेर मुलाखतीसाठी आलेली माणसं पाहिली की हे जास्त बोचतं. विजयपूर, बागलकोटकडून रात्रीच्या बसनं आलेल्या बायका, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी, जी आत जाईलच असं नाही. कुणाच्या नवऱ्याचं अपील धारवाड पीठाकडं असतं, कुणाचं कलबुर्गीला. ‘केस कुठवर आली?’ या प्रश्नाला बहुतेकींकडं एकच उत्तर असतं: वकिलाला माहीत. आमच्या भागातल्या मराठी माणसाची अडचण आणखी एक पायरी वरची. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, तो खाली सही करतो, सही मराठीत असते. साक्षीपुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असा कायदा आहे. सांगणारा घाईत असतो आणि ऐकणारा घाबरलेला, त्यामुळं ‘समजलं ना?’ला ‘होय साहेब’ हेच उत्तर येतं. पुढं धारवाडला सगळा कारभार इंग्रजीत. आपल्याविरुद्ध नेमकं काय लिहिलंय हे शिक्षा भोगणाऱ्याला शेवटपर्यंत अक्षरशः वाचता येत नाही.

हिंडलग्यातल्या कोठडीचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठानं इथल्या एका फाशीच्या कैद्याची शिक्षा कमी केली. तो निर्दोष नव्हता, आणि तसा दावाही तिथं विचारात नव्हता. पण दहा वर्षं त्याला एकान्तात डांबलं होतं आणि त्याला कायद्याचा आधार नव्हता. फाशी अंतिम होईतो कैद्याला एकान्तकोठडीत ठेवता येत नाही, हे सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच ठरलं आहे. चव्वेचाळीस वर्षं तो नियम पुस्तकात होता. जो दोषी आहे त्याच्याशी असं वागलं जातं, तर जो दोषी नाही त्याच्याशी वेगळं वागणार कोण? कोठडीला ते ओळखता येत नाही.

शिंदे खटल्यात भरपाई मिळाली: प्रत्येकी पाच लाख रुपये, राज्य सरकारनं चार आठवड्यांत द्यावेत. सोळा वर्षांवर वाटले तर दिवसाला ८५ रुपयांच्या आसपास पडतात. त्या वर्षी रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्याला याच्या दुपटीहून जास्त मिळत होते. तरीही ही सहा माणसं नशिबवान, कारण आपल्याकडं असं काही द्यावं असा कायदाच नाही. बिहारच्या रुदुल साहला सुटकेचा आदेश झाल्यावरही चौदा वर्षं आत ठेवलं होतं. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी त्याला ३५ हजार दिले, आणि तेव्हापासून असे निवाडे न्यायमूर्तींच्या मनावर आहेत. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदा आणि विशेष न्यायालयं सुचवली. २०२४ मध्ये नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, पण तो अहवाल तिच्यात उतरला नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून फार तर एक हजार रुपये, हे जुनं कलम मात्र नीट उतरलं. जपानमध्ये इवाओ हाकामादा हा माजी मुष्टियोद्धा साठ वर्षांपूर्वीच्या खुनात फाशीची शिक्षा घेऊन जगला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, ८८व्या वर्षी, निर्दोष ठरला. पोलिसांनी पुरावा बनावट केल्याचं न्यायालयानं म्हटलं. तिथं कायद्यात दिवसाचा दर ठरलेला आहे. त्याला दिवसाला साडेबारा हजार येन मिळाले, आपले सुमारे सात हजार रुपये. तोवर त्याचं मन इतकं थकलं होतं की निकालाला त्याच्या जागी त्याची थोरली बहीण गेली.

मुंबईच्या ११ जुलै २००६च्या लोकलस्फोटांचा निकालही असाच आहे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली, त्यातल्या पाच फाशीच्या होत्या. एक जण तोवर तुरुंगातच कोविडनं गेला होता. सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांत त्या निकालाचा दाखला इतरत्र देऊ नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. याच खटल्यात २०१५ सालीच निर्दोष सुटलेले शिक्षक वाहिद शेख आता अशा कैद्यांसाठी काम करतात. १८०हून जास्त माणसं मारणारे कोण होते, हे एकोणीस वर्षांनंतरही कुणी सांगू शकलं नाही.

चुकीच्या शिक्षेत फसवणूक दोन घरांची होते, हे आपण पटकन विसरतो. नाशिकच्या त्या बाईनं तिसऱ्या दिवशी चौघांना ओळखलं होतं. तिचं ऐकलं असतं तर तिच्या मेलेल्या माणसांना कदाचित न्याय मिळाला असता. २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या चौघांबाबत पुढील तपास करा आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असंही सांगितलं. अल्बम दाखवल्यानंतर सोळा वर्षांनी.

कंग्राळीत अजूनही कुणाचा मुलगा गुन्ह्यात अडकला की पहिल्यांदा गुंठे विकायला निघतात. शहर सरकत आल्यानं गुंठ्याला भाव आहे, वकीलही तो ओळखून असतात. माझं त्यांना सांगणं इतकंच: तुरुंगात असलेल्या माणसाला, मग त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिला आहे. अपील तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फतही दाखल होतं. धारवाडला उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज करा. आणि वकील मिळाला की त्याच्याकडून फक्त निकालाची प्रत घेऊन येऊ नका. पहिल्या आठवड्यातले जबाब, पंचनामे, अल्बम, दंडाधिकाऱ्यांपुढचे कागद, न्यायालयात न दाखवलेलेही, सगळे मागा. कन्नड वाचणारा कुणी गाठा आणि तारखेप्रमाणं लावून ते आधी घरात वाचून घ्या.